माझ्या लॅपटॉपवर पास, लॅबमध्ये फेल

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत: चालू असलेल्या प्रोसेसला (चालणाऱ्या प्रोग्रॅमला) डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम थांबवून आत डोकावू देणारा प्रोग्रॅम, जोडणं, आणि तो नीट जोडला जातो की नाही हे तपासणं. पहिल्या पत्राला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातल्या मुलीने जे विचारलंय ते बरेच जण विचारतच नाहीत.

प्रश्न : ताई, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून लिनक्ससाठी सी भाषेत छोटा डीबगर लिहिलाय. प्रोग्रॅम डीबगरमधूनच सुरू केला तर सगळं चालतं. चालू प्रोसेसला अटॅच करण्याची (जोडण्याची) टेस्ट मात्र छळतेय. टेस्ट अशी: स्क्रिप्ट एक टार्गेट प्रोग्रॅम सुरू करते, एक सेकंद थांबते, मग त्याचा पिड (प्रोसेसचा क्रमांक) देऊन डीबगर सुरू करते, आणि डीबगरचा एक्झिट कोड शून्य आला की पास. माझ्या लॅपटॉपवर सुडोने, म्हणजे रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने चालवते, तिथे नेहमी पास. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू आहे, सुडो मिळत नाही, तिथे दर वेळी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. मैत्रिणीच्या मशीनवर कधी पास, कधी फेल. सर म्हणतात, लॅबच्या मशीनवर सेटिंग बदलून घेऊ. चवथीनंतर प्रोजेक्ट दाखवायचाय. चूक डीबगरमध्ये आहे की टेस्टमध्ये?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : ताई म्हटलंस, म्हणून तुला ‘तू’च म्हणते. चूक टेस्टमध्ये आहे. डीबगरमध्येही असू शकेल, पण तुझी टेस्ट ते सांगू शकत नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

आधी लॅबमधला नकार. उबुंटूवर यामा नावाचं सुरक्षा मॉड्यूल चालू असतं. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, पीट्रेस या सोयीने डीबगर प्रोसेसला जोडला जातो, त्यावर ते निर्बंध घालतं. उबुंटूने हा निर्बंध १०.१० या आवृत्तीपासून लावला आणि २०१२ मध्ये लिनक्स ३.४ बरोबर यामा मुख्य कर्नलमध्ये आलं. /प्रॉक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप ही फाइल उघडून बघ, आत एकच आकडा दिसेल. शून्य असेल तर जुना नियम: यूजर तोच असला की सहसा अटॅच होता येतं. १ असेल तर फक्त आपल्या वंशातल्या प्रोसेसला, म्हणजे मुलांना, नातवंडांना. २ असेल तर सिस_पीट्रेस ही कॅपॅबिलिटी (रूटच्या अधिकारांतला एक सुटा अधिकार) असलेल्यालाच, साधारणपणे रूटला. आणि ३ म्हणजे कोणालाच नाही, तेही मशीन रीबूट होईपर्यंत मागे घेता न येणारं. लॅबमध्ये १ असणार.

आता तुझी टेस्ट बघ. टार्गेट सुरू केलं स्क्रिप्टने, डीबगरही सुरू केला स्क्रिप्टनेच. म्हणजे दोघं सख्खी भावंडं झाली, आणि भावंडाला हक्क नाही. डीबगरमधून प्रोग्रॅम सुरू करतेस तेव्हा तो डीबगरचं मूल असतो, म्हणून तिथे कधीच अडत नाही. तुझ्या लॅपटॉपवर सुडो आहे, आणि रूटपुढे हा १ गप्प बसतो. तुझ्या लॅपटॉपवरची टेस्ट परवानगीच्या वाटेने कधी गेलेलीच नाही.

लॅबचं सेटिंग बदलू नका. सरांना माझा नमस्कार सांग आणि हे नक्की सांग. त्या मशीनवर दिवसभर किती मुलं एकाच लॉगिनने बसतात! ब्राउझरमध्ये पासवर्ड टाइप होत असतात. आकडा शून्य केला की त्या लॉगिनचा कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याची मेमरी वाचू शकतो. एका टेस्टसाठी हे करायचं नाही. आणि गरजही नाही. यामाने रीतसर वाट ठेवली आहे: टार्गेट प्रोग्रॅम स्वतःच पीआरसीटीएल या कॉलमधून पीआर_सेट_पीट्रेसर देऊन कर्नलला सांगतो की ‘अमुक पिडने मला जोडलं तरी चालेल’. टेस्टमध्ये डीबगरचा पिड आधी माहीत नसतो, म्हणून तिथे पीआर_सेट_पीट्रेसर_एनी, म्हणजे ‘कोणीही चालेल’, असं द्यायचं. टार्गेटच्या मेन फंक्शनची पहिली ओळ हीच कर. एलएलडीबी या डीबगरच्या चाचण्यांमधली टार्गेट्ससुद्धा हेच करतात.

याच्याच जोडीला एक उलटी टेस्ट लिही: परवानगी न देणारं टार्गेट, आकडा १, आणि डीबगरने नकार मिळाल्यावर काय बोलायचं. तुझा डीबगर नुसतं ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ म्हणतो, त्यावरून माणसाला काय कळणार? जीडीबी हा डीबगर अशा वेळी सांगतो की यूजर तोच असेल तर पीट्रेस_स्कोप बघा, नाहीतर रूट म्हणून करून पाहा. तसं वाक्य तुझ्याही डीबगरमध्ये हवं. नकाराची आणखी कारणं आहेत तीही त्यात घे. त्या प्रोसेसला दुसरा डीबगर आधीच जोडलेला असेल तरीही हाच एरर येतो, कारण एका वेळी एकालाच जोडता येतं. कोण जोडलाय ते /प्रॉक/पिड/स्टेटस मधल्या ट्रेसरपिड या ओळीत असतं. शून्य असेल तर कोणी नाही. ती ओळ वाचून त्याचा पिड माणसाला सांगितलास तर त्याचा अर्धा तास वाचेल.

आता मैत्रिणीचं मशीन, कधी पास कधी फेल. ते एक सेकंद थांबणं काढून टाक. एक सेकंदात टार्गेट तयार झालं असेल ही आशा आहे, आणि आशेवर टेस्ट उभी करू नये. मशीनवर काम जास्त असलं की फोर्क झालेला असतो (स्क्रिप्टची प्रत निघालेली असते) पण एक्झेक झालेला नसतो (त्या प्रतीच्या जागी टार्गेट बसलेलं नसतं), आणि तुझा डीबगर टार्गेटऐवजी स्क्रिप्टच्याच प्रतीला जाऊन चिकटतो. किंवा एक्झेक झालेला असतो पण ती परवानगीची ओळ अजून आलेली नसते, मग पुन्हा नकार. त्यापेक्षा पाइप, म्हणजे दोन प्रोसेसमधली निरोपाची नळी, ठेव. टार्गेटने परवानगी दिली, थ्रेड (एकाच प्रोसेसमधले समांतर चालणारे धागे) उभे केले, सगळं झालं, की पाइपमध्ये एक बाइट टाकायचा. स्क्रिप्टने तो वाचल्यावरच डीबगर सुरू करायचा. एलएलडीबीवाले पाइपऐवजी एक फाइल तयार होण्याची वाट बघतात, मुद्दा तोच.

असाच घाईचा दोष डीबगरच्या आतही असू शकतो. पीट्रेस_अटॅच हा कॉल परत आला म्हणजे प्रोसेस थांबली असं नाही. तो टार्गेटला सिगस्टॉप हा ‘थांब’ सांगणारा सिग्नल पाठवतो आणि लगेच परततो. खरोखर थांबली हे वेटपिड या कॉलनेच कळतं. त्याआधी रजिस्टर (प्रोसेसरमधले आकडे) वाचायला गेलीस तर ‘अशी प्रोसेसच नाही’ असं उत्तर येईल, समोर प्रोसेस चालू दिसत असताना. माणूस वेडा होतो अशा वेळी. लिनक्स ३.४ पासून पीट्रेस_सीझ ही दुसरी पद्धतही आहे. ती जोडते पण थांबवत नाही, आणि थांबवायचं तेव्हा वेगळा इंटरप्ट द्यायचा. नवा डीबगर लिहिते आहेस तर सीझच वापर असं मी म्हणेन. जुन्या पद्धतीत डीबगरने पाठवलेला सिगस्टॉप आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोणी पाठवलेला सिगस्टॉप यांची गल्लत होते, त्यातला एक हरवू शकतो. मॅन पेजमध्ये तो डिझाइनमधला दोष म्हणूनच नोंदवलेला आहे.

आणि आता एक्झिट कोड. शून्य आला म्हणजे डीबगर रडला नाही, एवढंच. अटॅच झाला का, हे टार्गेटला विचार. जोडल्यावर ट्रेसरपिड मध्ये तुझ्या डीबगरचाच पिड दिसतो का? स्टेट मध्ये लहान टी आहे का? (मोठा टी म्हणजे साध्या सिग्नलने थांबलेली, लहान टी म्हणजे डीबगरने थांबवलेली.) टार्गेटमध्ये एक ओळखीचा आकडा ठेवलेलं व्हेरिएबल असू दे, डीबगरने ते वाचून तोच आकडा सांगितला पाहिजे. शिवाय एक व्होलाटाइल झेंडा ठेव, जो बदलल्याशिवाय टार्गेट लूपमधून बाहेरच पडणार नाही. डीबगरने तो बदलला, सोडून दिलं, आणि टार्गेट स्वतःहून संपलं, तर वाचणं, लिहिणं, सोडणं तिन्ही एका फेरीत तपासून झाली. टार्गेटमध्ये अलार्म मात्र लाव, ६० सेकंदांचा पुरे, नाहीतर फेल झालेल्या टेस्टची टार्गेट्स लॅबच्या मशीनवर रात्रभर लूपमध्ये फिरत राहतील.

थ्रेडचं थोडक्यात सांगते. अटॅच प्रोसेसला होत नाही, एकेका थ्रेडला होतो. /प्रॉक/पिड/टास्क मधले सगळे थ्रेड जोडून होईपर्यंत नवे जन्माला आलेले असतात. जीडीबी सलग दोन फेऱ्यांत नवा थ्रेड दिसेनासा झाला की मगच थांबतो. सतत थ्रेड काढणारं आणि संपवणारं एक टार्गेट बनव आणि त्यावर शंभरदा अटॅच करून बघ. एकदा करून काही कळत नाही.

इथवर आलीस तर टेस्ट बरी झाली. पण मला तुला सांगायचंय ते पुढचं आहे. तुझ्या टेस्टमध्ये डीबगर निघून गेल्यानंतर टार्गेटचं काय झालं हे कुठेच नाही.

जुलै २०११. मी तेव्हा पणजीला पाटोवर एका कंपनीत होते. हॉटेलांची बुकिंगं आणि बिलं सांभाळणारा सर्व्हर होता, तो मधूनमधून अडकायचा. एका संध्याकाळी मी जीडीबीने त्या चालू सर्व्हरला अटॅच झाले, एका फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘इथे पोचलास की थांब’ अशी खूण, लावला आणि सर्व्हर पुढे चालू दिला. बाहेर धो धो पाऊस. लाइन तुटली आणि माझं टर्मिनल गोठलं. दुसऱ्या खिडकीतून पाहिलं तर जीडीबी अजून चिकटलेलाच. मी त्याला किल वजा नऊ, म्हणजे सक्तीने मारण्याची आज्ञा, दिली. मला माहीत होतं की डीबगर मेला की कर्नल त्याच्या तावडीतल्या प्रोसेस आपोआप सोडतो. तसं झालंही. ट्रेसरपिड शून्य, सर्व्हर चालू, बुकिंगं येतायत. मी निर्धास्तपणे फोंड्याची कदंबा बस पकडली.

ब्रेकपॉइंट लावलेलं ते फंक्शन दिवसा चालतच नव्हतं. ते चालायचं मध्यरात्री, हॉटेलांचं नाइट ऑडिट सुरू झालं की. एक्स८६ प्रोसेसरवर ब्रेकपॉइंट म्हणजे प्रोसेसच्या मेमरीत त्या जागचा एक बाइट काढून तिथे सीसी हा बाइट ठेवायचा. सीसी म्हणजे थांबण्याची सूचना. मूळ बाइट डीबगरकडे जपलेला असतो. माझा डीबगर तो बाइट परत ठेवायच्या आधी मेला होता. मध्यरात्री सर्व्हर त्या जागी पोचला, सिगट्रॅप हा ब्रेकपॉइंटचा सिग्नल आला, तो झेलायला डीबगर नाही, आणि सर्व्हर पडला. सकाळपर्यंत एकाही हॉटेलचं बिल निघालं नाही. आम्ही आधी डिस्कवरचा प्रोग्रॅम तपासला, तो अगदी स्वच्छ. कारण सीसी बसला होता तो फक्त त्या प्रोसेसच्या मेमरीतल्या प्रतीत, आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावर तोही नाहीसा. लॉगमधली ‘ट्रेस/ब्रेकपॉइंट ट्रॅप’ ही एक ओळ दिसली नसती तर कारण कधीच कळलं नसतं. हॉटेलच्या काउंटरवर त्या सकाळी उभ्या असलेल्या मुलींना गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागली, ती माझ्यामुळे. ते मी विसरलेले नाही.

म्हणून तुझ्या टेस्टचा अर्धा भाग सोडण्यावर खर्च कर. ब्रेकपॉइंट लाव, डिटॅच कर (प्रोसेस सोडून दे), आणि मग टार्गेटला त्याच जागेवरून हजार वेळा जाऊ दे. ब्रेकपॉइंटवर थांबलेलं असतानाच डिटॅच कर: तिथे प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठे आहे ते दाखवणारा आकडा) एक बाइट पुढे गेलेला असतो, तो मागे घेतला नाहीस तर टार्गेट सूचनेच्या मधूनच चालू लागेल. आधीच सिगस्टॉपने थांबवून ठेवलेल्या प्रोसेसला जोड आणि सोड, सोडल्यावरही ती थांबलेलीच असली पाहिजे. जीडीबीच्या चाचण्यांमध्ये यासाठी वेगळी टेस्ट आहे. ईपोल_वेट या कॉलमध्ये वाट बघत बसलेलं टार्गेट घे: जोडण्यासोडण्याच्या धक्क्याने तो कॉल ईइंटर (‘मधेच अडवलं’) हा एरर घेऊन परततो, टार्गेटने काही केलेलं नसताना. टार्गेटला तो सोसता आला पाहिजे, पण आपल्या डीबगरमुळे असं होतं हे तुझ्या प्रोजेक्टच्या अहवालात लिहिलेलं असावं.

आणि शेवटी, डीबगरलाच मधे मार. सिगटर्म (‘बंद हो’) आणि सिगहप (‘टर्मिनल तुटलं’) हे सिग्नल आले तर आधी सगळे बाइट परत ठेवून मग मरायचं, हे डीबगरला शिकव आणि त्याची टेस्ट लिही. किल वजा नऊ कोणालाच झेलता येत नाही. ब्रेकपॉइंट नसताना तो दिला तर टार्गेट पुढे चालू राहिलं पाहिजे, एवढंच तिथे तपासता येतं. ब्रेकपॉइंट असताना काय होतं ते वर सांगितलंच. तेही एकदा मुद्दाम करून बघ, टार्गेट पडताना स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

प्रश्न : आमचा सर्व्हर डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे होस्ट मशीनवरच्या एका वेगळ्या कप्प्यात चालतो. कंटेनरच्या आत त्याचा पिड १ आहे. आमची टेस्ट होस्टवरून सुडोने पिड १ ला जीडीबी अटॅच करते. टेस्ट ‘अटॅच झाला’ म्हणते, पण त्यानंतर होस्टवर नवीन लॉगिन होत नाही, सर्व्हिस सुरू होत नाहीत, टेस्ट संपेपर्यंत सगळं अडून राहतं. कंटेनरच्या आतून केलं तर रूट असूनही परवानगी नाही.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमची टेस्ट ज्या पिड १ ला जोडली जाते तो तुमचा सर्व्हर नाही, होस्टचा इनिट आहे, म्हणजे मशीनवर सगळ्यांत आधी सुरू होणारी प्रोसेस. रूटला त्याला जोडता येतं, आणि जोडल्यावर तो थांबतो. मशीन अडून राहतं ते म्हणूनच. ही टेस्ट आजच बंद करा, दुरुस्ती नंतर करा.

कंटेनरच्या आतला पिड आणि होस्टवरचा पिड हे एकाच प्रोसेसचे दोन वेगळे आकडे असतात. होस्टवर त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये एनएसपिड ही ओळ बघा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मिळतील. होस्टवरून जोडताना होस्टचा आकडा द्यायचा, आणि सिंबॉलसाठी (फंक्शनं, व्हेरिएबलं यांच्या नावांसाठी) फाइल्स /प्रॉक/पिड/रूट खाली बघायला सांगायच्या, कारण होस्टवरची त्याच नावाची लायब्ररी वेगळी असू शकते. पहिल्या उत्तरात सांगितलेला ओळखीचा आकडा वाचण्याचा उपाय तुमच्याही टेस्टमध्ये असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की भलत्याच प्रोसेसला हात घातलाय.

आतून नकार येतो कारण डॉकर कंटेनरमधल्या रूटला सगळ्या कॅपॅबिलिटी देत नाही, सिस_पीट्रेस त्यात नसते. यामाचा आकडा कर्नलचा असतो, म्हणजे होस्टचाच, कंटेनरला वेगळा मिळत नाही. कंटेनर सुरू करताना कॅप-अ‍ॅड या पर्यायाने सिस_पीट्रेस द्या, पण फक्त टेस्टच्या कंटेनरला. गिऱ्हाइकांच्या कंटेनरला कृपा करून देऊ नका.

प्रश्न : मी निवृत्त आहे, साखळीच्या एका संस्थेचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम विंडोजवर सांभाळतो. चालू प्रोग्रॅमला डीबगर जोडला आणि डीबगरची खिडकी बंद केली की हिशेबाचा प्रोग्रॅमही बंद होतो. लिनक्सवर असं होत नाही असं नातू म्हणतो.
— एक ज्येष्ठ वाचक, साखळी

उत्तर : काका, नातवाचं बरोबर आहे. विंडोजवर डीबगर संपला की त्याने जोडलेली प्रोसेसही संपवायची, अशीच मूळ रीत आहे. डीबगर लिहिणाऱ्याला डीबगसेटप्रोसेसकिलऑनएक्झिट या कॉलने ती बदलता येते. तुम्ही मात्र खिडकी बंद करण्याआधी मेनूमधून डिटॅच निवडा. ही सोय विंडोज एक्सपीपासून आहे. आधी हिशेबाची एक प्रत काढून ठेवा आणि जोडणं-सोडणं त्या प्रतीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमवर दोनतीनदा करून बघा. नातवाला शेजारी बसवा. त्याला वेळ नसेल तर मला पुन्हा लिहा, कुठल्या डीबगरमध्ये काम करता ते कळवा, मी मेनूतली नेमकी जागा सांगेन.